पावसाळ्यात डिलिव्हरीची तारीख आहे? मग तयारी आत्ताच करा

मेळघाट, धडगाव, भामरागडकडच्या गावांत कुणाची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर कळा यायची वाट बघत बसू नका, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद, मग १०८ ला फोन लागला तरी गाडी येणार कुठून?

पहिलं काम, तिसरा महिना संपायच्या आत आशाताईकडे नोंद करून कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, तिथे बीपी आणि हिमोग्लोबिन बघून घ्याच. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर राहू नका, मोठ्या दवाखान्यात न्या आणि डिलिव्हरीपण तिथेच ठरवा.

आता मेन गोष्ट, माहेरघर. आदिवासी भागातल्या बऱ्याच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) लागून ही सोय असते, तारखेच्या काही दिवस आधी बाईने तिथे येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस. पण ऐन पेरणी-निंदणीत घर कोण बघणार म्हणून सासू नाही म्हणते आणि तिचं म्हणणं खोटं नसतं, म्हणून हे बोलणं सातव्या महिन्यातच करा, मोठ्या पोराला कोण सांभाळेल, शेतात कोण जाईल ते नावानिशी ठरवा. नवऱ्यालापण समोर बसवा, निर्णय शेवटी तिथेच अडतो.

पैशाची भीती घालवा. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, जेवण, न्यायला-सोडायला गाडी, सगळं फुकट आहे, गाडीसाठी १०२. कुणी पैसे मागितले तर १०४ वर तक्रार करा.

अंगावरून रक्त जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यासमोर अंधारी येणं, झटके, यातलं काहीही झालं तर तारीख लांब असली तरी लगेच निघा.

डिलिव्हरीनंतर ४८ तास तरी घरी जायची घाई नको. बाळाला तासाभरात अंगावर घ्या, चिकाचं दूध पाजा, मध-घुटी काही नको. वजन अडीच किलोच्या आत असेल तर आईच्या छातीशी उघडं धरून वरून पांघरूण, आंघोळ नंतर बघू. घरी गेल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून जे करून दाखवलं त्यातूनच ही पद्धत आलीय, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत कुणाला सोडत नाही म्हणून तिला दारातून परत पाठवू नका, बाळाचं वजन आणि ताप तिला बघू द्या. बाळ ओढून दूध पीत नसेल, अंग गार लागत असेल किंवा श्वास मिनिटाला ६० च्या वर जात असेल तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच फोन लावा.