तिरसट पशुवैद्याची जपानी मालिका पाहताना हातांवर नजर ठेवा

‘जूई डॉलिटल’ ही टीबीएस वाहिनीची मालिका १७ ऑक्टोबर ते १९ डिसेंबर २०१० या काळात रविवारी रात्री नऊच्या वेळेत दाखवली गेली. भाग फक्त ९. जपानी वाहिन्यांवरच्या बहुतेक मालिका तीन महिन्यांच्या हंगामात आटोपतात, त्यामुळे दोन-तीन सुट्ट्यांत ही सहज पाहून होते. नायक तोत्तोरी केनइची (भूमिका ओगुरी शुन याची) पशुवैद्यकी हा धंदा आहे असं तोंडावर सांगतो, फी जबर लावतो आणि आलेल्या मालकाला फैलावर घेतो. जनावराच्या अंगावर हात ठेवताना मात्र त्याची घाई आणि चिडचिड कुठल्या कुठे जाते. ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांनी ही मालिका पुढे दिलेल्या पद्धतीने पाहावी. करमणूक होईलच, शिवाय हाताला काहीतरी लागेल.

मूळ जपानी आवाज ठेवा आणि सबटायटल लावा. वयाने मोठ्या माणसांशीही हा डॉक्टर आदरार्थी न वापरता बोलतो, आणि तो उर्मटपणा डबिंगमध्ये हमखास गुळगुळीत होतो. भाग सलग न पाहता दोनदा थांबवायचा: एकदा तपासणीच्या प्रसंगात, दुसऱ्यांदा निदान सांगण्याच्या आधी.

तपासणीत पशुवैद्याचा हात कुठून कुठे जातो ते बघा. प्रत्यक्षातही क्रम साधारण असाच असतो: आधी लांबून श्वास आणि उभं राहण्याची ढब, मग हिरड्या, डोळे, मानेखालच्या गाठी, छाती, पोट आणि शेवटी तापमान. त्यातल्या तीन गोष्टी घरी करता येतात, आणि त्या जनावर धडधाकट असतानाच करून ठेवायच्या. आजारपणात पहिल्यांदा हिरडी बघणाऱ्याला ती फिकी आहे की मुळातच तशी, हे कळणार कसं?

हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा पिवळ्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नका. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. तिथे खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहायचा. दुसरं, गाढ झोपेतले श्वास मिनिटभर मोजा. कुत्रा असो वा मांजर, आकडा ३० च्या खाली हवा. झोपेत तो रोज वाढत गेला तर हृदय किंवा फुप्फुसांकडे बघायला हवं. धापा टाकताना किंवा मांजर घुरघुरत असताना मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. तिसरं तापमान. दोघांचंही ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो त्यांचा रोजचाच. नाक कोरडं की ओलं यावरून ताप ठरवू नका. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातूनच मोजावं लागतं. जनावर फार झटापट करत असेल तर सोडून द्या, चावा घेईल.

दुसऱ्यांदा थांबाल तेव्हा कागदावर लिहा: नर की मादी, नसबंदी झाली आहे का, त्रास कधीपासून, शेवटचं खाणं आणि लघवी कधी, आणि घरात नवीन काय घडलं. मग स्वतः अंदाज बांधा. तिरसट डॉक्टर मालकावर ओरडतो ते बहुधा या पाचांतलं एखादं उत्तर दडवलेलं असतं किंवा कोणी पाहिलेलंच नसतं म्हणून. रोगी बोलत नाही. साक्षीदार एकटा मालक.

उदाहरण घ्या. बोका शी-शूसाठी माती भरलेल्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बोळा अडकला की ती पुरती बंद होते. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाची गती बिघडते आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. ट्रेमधल्या मातीचा गोळा शेवटचा कधी ओला झाला होता, या एका उत्तरावर सगळं निदान फिरतं. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी करू नये, मूत्राशय फुटू शकतं.

कांद्याचंही तसंच. सुकियाकी या जपानी मांसाच्या रश्श्यात कांद्याची पात असते, ग्यूदोन या गोमांस-भाताच्या पदार्थात कांदा. ताटातलं उरलेलं कुत्र्याला घातलं की त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. शिजवल्याने विष जात नाही. लक्षणं दिसायला दोन-चार दिवस लागतात, तोवर मालक ते जेवण विसरलेला असतो. आपल्याकडच्या रश्श्याला आणि भज्यांनाही हेच लागू. मांजरांच्या घरात लिलीची फुलं ठेवू नका. परागकण आणि फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंड निकामी करतं. आणि पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, अर्धी गोळीही नाही.

पैशांचे प्रसंग नीट समजून घ्या. जपानमध्ये माणसांना सार्वजनिक आरोग्य विमा आहे, जनावरांना नाही. आणि पशुवैद्याची फी ज्याची तो ठरवतो. खाजगी विमा घेतलेला नसेल तर पूर्ण बिल मालकाच्या खिशातून जातं. त्यामुळे फीवरून मालकाचा पडलेला चेहरा अतिशयोक्त नाही. आपल्याकडेही शस्त्रक्रियेआधी भूल, रक्ततपासणी, मुक्काम आणि नंतरची औषधं यांचा वेगवेगळा अंदाज मागून घ्यावा.

पडद्यावरच्या काही गोष्टी मात्र तशाच्या तशा घेऊ नका. एकच डॉक्टर घोड्यापासून सशापर्यंत सगळ्यांवर उपचार करताना दिसतो. प्रत्यक्षात घोड्याचा आणि सशाचा डॉक्टर सहसा वेगळा असतो. मॉनिटरवर सरळ रेष आली की विजेचा झटका देणं हेही वैद्यकीय मालिकांतलंच. सरळ रेषेवर झटक्याचा उपयोग नाही, छाती दाबावी लागते: जनावर कुशीवर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं खोल. ३० दाबांनंतर तोंड बंद धरून नाकातून दोन फुंका. बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्याला पाठीवर झोपवून दाबावं. एवढं करूनही वाचणारे फार थोडे असतात, हे मालिका सांगत नाही.

सर्वांत महत्त्वाचं चाव्याबद्दल. जपानमध्ये १९५० च्या कायद्याने कुत्र्यांची नोंदणी आणि लसीकरण सक्तीचं झालं आणि १९५७ नंतर तिथल्या जनावरांत रेबीज आढळलेला नाही. म्हणून तिथल्या पडद्यावर कुत्रा चावला तर पट्टी बांधून गोष्ट पुढे सरकू शकते. महाराष्ट्रात तसं चालणार नाही. भटकं असो वा पाळीव, कुत्रा किंवा मांजर चावलं, किंवा नखाने कातडी फाटली, की वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका, घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) तिथेच विचारा.