मूड नसला तरी टिकेल असं व्यायामाचं रूटीन कसं बसवायचं

व्यायामाचं प्लॅनिंग आपण नेहमी उत्साहाच्या भरात करतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो. सुट्टीचा दिवस असतो, झोप छान झालेली असते, मग काय, उद्यापासून रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, पहाटे पाचचा अलार्म! तिसऱ्या दिवशी कामावरून यायला उशीर होतो, चौथ्या दिवशी झोप पुरत नाही, आणि पाचव्या दिवशी "आता पुढच्या सोमवारपासूनच बघू". माझं तर स्पष्ट मत आहे की रूटीन बनवायचं ते आपला सगळ्यात वाईट आठवडा डोळ्यासमोर ठेवून. चांगला आठवडा आला तर जास्त करायला कोण अडवतंय?

आता मुळात किती पुरे ते बघू, कारण बरेच जण उगाचच मोठा आकडा डोक्यात घेऊन घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइन्स म्हणतात की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगला घाम काढणारा, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. वय ६५ च्या पुढे असेल तर तोल सांभाळण्याचे व्यायाम पण हवेत, आठवड्यातून तीन दिवस. आधीच्या, म्हणजे २०१० च्या गाइडलाइन्समध्ये सलग १० मिनिटं तरी व्हायला हवीत अशी अट होती, ती आता काढून टाकलीये, त्यामुळे चार मिनिटं जिने चढलात तरी ती चार मिनिटं हिशोबात धरायची. आणि ते रोज १०,००० पावलांचं जे आहे ना, ते १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलंय, डॉक्टरांनी ठरवलेला आकडा नाहीये तो. चालणं चांगलंच, पण ७,००० वर दिवस संपला म्हणून रात्री घरात येरझाऱ्या घालायची गरज नाही.

मध्यम म्हणजे किती ते कळायला घड्याळ वगैरे लागत नाही. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, म्हणजे वेग बरोबर आहे. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, तर तो जोरदार व्यायाम झाला. आरामात गाणं गुणगुणताय तर जरा पाय उचला. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडतील ते काढायचा २२० वजा वय हा फॉर्म्युला सगळ्यांना माहीत असतो, पण तो सरासरीचा आहे, एखाद्याच्या खऱ्या आकड्यात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून मी तरी बोलण्याच्या टेस्टवरच जास्त विश्वास ठेवते.

बॅलन्स्ड म्हणजे काय तर जे आपल्याला आवडतं तेवढंच करत बसायचं नाही. चालणारे नुसते चालतात, वजनं उचलणारे जिना चढताना धापा टाकतात, स्ट्रेचिंगवाल्यांना जड बॅग उचलवत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, लक्षातही येत नाही, आणि नुसत्या चालण्याने ते थांबत नाही, म्हणून ताकदीचे दोन दिवस आधी कॅलेंडरवर टाका, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून, समजा सोमवार आणि गुरुवार. मग उरलेल्या दिवसांत चार वेळा चाळीस मिनिटं भरभर चालणं, सायकल, पोहणं, नाचणं, जे जमेल ते. एक दिवस पूर्ण सुट्टी. झालं, एवढंच टाइमटेबल.

ताकदीच्या दिवशी पाच प्रकार पुरतात: बसून उठणं, ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकून उचलणं आणि पोटाचं काहीतरी. जिम नसेल तर खुर्ची, भिंत आणि पुस्तकं भरलेली सॅक एवढ्यात काम होतं. खुर्चीच्या स्क्वॉटचं उदाहरण घ्या, कारण तो सगळे करतात आणि निम्मे लोक घाईत करतात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, तिच्यापुढे पाठ करून उभं राहा, पाय खांद्याएवढे लांब, पावलं किंचित बाहेर वळलेली. आता कुल्ले मागे नेत तीन आकडे मोजत खाली जा, बूड खुर्चीला नुसतं टेकवा, धपकन बसू नका, आणि टाचांवर जोर देऊन वर या. गुडघे आत एकमेकांकडे पडत असतील तर ते पायाच्या बोटांच्या दिशेने बाहेर ठेवायचे. उतरताना श्वास आत, उठताना बाहेर. असे ८ ते १२, मग दीड-दोन मिनिटं थांबायचं, परत दोन वेळा, म्हणजे एकूण तीन सेट. ढकलण्यासाठी भिंतीवर हात ठेवून पुशअप, ते सोपे झाले की भक्कम टेबलावर, मग जमिनीवर. सॅक एका हाताने कमरेपर्यंत ओढली की ओढण्याचा व्यायाम झाला, तीच सॅक पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचलली की वाकण्याचा, आणि पोटासाठी प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं जमिनीला टेकवून अंग सरळ धरून ठेवणं, आहेच.

अजून दोन-तीन झाले असते असं वाटत असतानाच सेट थांबवा, रोज जीव तोडायची गरज नसते. तिन्ही सेटमध्ये १२ व्यवस्थित व्हायला लागले की मगच अवघड करा, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा: एकतर वजन, नाहीतर आकडा. वॉर्मअपला पाच मिनिटं चालणं, हात-पाय फिरवणं बास, लांबलचक ताणून धरायचे स्ट्रेच शेवटी करा.

दुसऱ्या दिवशी अंग दुखणारच. साधारण २४ ते ७२ तास ते जास्त जाणवतं, आणि ते लॅक्टिक अॅसिडमुळे नसतं बरं का, ते तर व्यायामानंतर तासाभरात निघून गेलेलं असतं, हे दुखणं स्नायूंना सवय नसलेल्या ताणाचं. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकतायत तर हलकं चाला, बरं वाटेल. पण सांध्यात टोचल्यासारखं, एकाच जागी, किंवा सूज आली तर तो व्यायाम बंद. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, असं काही झालं तर तिथेच थांबून लगेच डॉक्टर गाठायचा, उद्या बघू नाही. हृदयाचा त्रास, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर सुरू करायच्या आधीच विचारून घ्या.

आता मोटिव्हेशन. ते येईल मग करू म्हणून वाट बघत बसाल तर वाटच बघाल, बऱ्याचदा ते सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला येतं. म्हणून ठरवताना "रोज व्यायाम करेन" असं मोघम नको, "संध्याकाळी घरी आल्यावर बॅग ठेवली की लगेच बूट घालेन" असं ठरवा, म्हणजे आधीपासून होणाऱ्या गोष्टीला चिकटवून. सोफ्यावर बसलात की खेळ खलास! आणि वाईट दिवसासाठी एक छोटं व्हर्जन आधीच ठरवून ठेवा: दहा स्क्वॉट, दहा भिंतीवरचे पुशअप, पाच मिनिटं चालणं. तेवढं केलं तरी त्या दिवसावर टिक मारायची, आणि त्याबद्दल अजिबात लाज वाटून घ्यायची नाही.

२१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे फिरतं ते मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये आपल्या पेशंट्सबद्दल लिहिलेल्या निरीक्षणावरून आलंय, त्याने पण "कमीत कमी" म्हटलं होतं, तो शब्द वाटेत गळाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमने ९६ जणांवर अभ्यास केला त्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. म्हणजे दोन महिने झाले तरी कंटाळा येतोय याचा अर्थ तुमच्यात खोट आहे असा नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही दिसलं.

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका, पाण्यानेच किलोभर इकडेतिकडे होतं आणि मूड जातो. त्यापेक्षा वहीत लिहा: पुशअप किती झाले, तेच जिने चढून श्वास किती वेळात शांत होतो, सकाळी उठल्या उठल्या नाडी किती. काही आठवड्यांत यात फरक दिसतो आणि तो बघायला मजा येते.

ताप असेल तेव्हा व्यायाम नाहीच, साधी सर्दी असेल तर हलकं चालायला हरकत नाही. आणि दोन-तीन आठवड्यांची गॅप पडलीच तर ताकद फारशी गेलेली नसते, दम मात्र लवकर कमी होतो, म्हणून परत येताना पहिला आठवडा नेहमीपेक्षा कमी करा, सेट तीनऐवजी दोन, चालणं वीस मिनिटं, आणि बुडलेल्या दिवसांची भरपाई एकदम करायला जाऊ नका.