अमेरिकेत पदवीसाठी अर्ज: अकरावीची गुणपत्रिका काढून ठेवा

अमेरिकेत पदवीला जायचं ठरलं की राज्य मंडळाची मुलं आधी एसएटीचं, म्हणजे तिथल्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचं, विचारतात. मी त्यांना अकरावीचे गुण विचारते.

तिथले प्रवेश विभाग नववीपासूनची सगळी वर्षं बघतात. आपल्याकडे दहावी आणि बारावीच काय ती महत्त्वाची; अकरावीत मुलं क्लासला आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती. पण बारावीचा निकाल लागतो मेच्या सुमारास, आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी जातो: लवकरच्या फेरीला बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास, नेहमीच्या फेरीला जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे तुमचा अर्ज वाचला जातो तेव्हा बोर्डाचे गुण आलेलेच नसतात. अकरावी, बारावीची सहामाही आणि शिक्षकांनी दिलेला अंदाज, यांवरच मदार.

शिवाय गुण सुटे वाचत नाहीत. कॉलेजकडून ‘स्कूल प्रोफाइल’ जातं: बोर्ड कोणतं, विषय कोणते मिळतात, वर्गात साधारण किती गुण पडतात. आमच्या परभणीच्या कॉलेजनं असं काही कधी पाठवलं नव्हतं. प्राचार्यांसोबत बसून आम्ही ते तयार केलं, आणि माझ्या मते अख्ख्या अर्जात त्याइतकं उपयोगी काही नव्हतं. जिथे कठीण विषय शिकवलेच जात नाहीत तिथल्या मुलीनं ते का घेतले नाहीत, असं मग कुणी विचारत नाही.

कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकच अर्ज पाठवायच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकी १५० अक्षरांची. दहाही भरायलाच हव्यात असं नाही. घरची जबाबदारी हा तिथे चक्क एक वेगळा प्रकार आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, दुकानाचा हिशेब ठेवणं, हे लिहायला मुलं लाजतात आणि त्याऐवजी विकतची प्रमाणपत्रं गोळा करतात. कृपा करून तसं करू नका. निबंध ६५० शब्दांपर्यंतचा. तोही तुमच्याच आयुष्यातला हवा.

शिफारसपत्र पदापेक्षा ओळखीवर ठरतं. ज्या सरांनी तुमच्या शंका ऐकल्या आहेत त्यांना अकरावीतच सांगून ठेवा.

प्रत्येक विद्यापीठ कशाला किती वजन देतं हे अंदाजानं ठरवू नका. एमआयटीला एसएटी किंवा तशीच दुसरी परीक्षा, एसीटी, लागतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे गुण प्रवेशासाठी बघतच नाही, तिथे अर्जातल्या आठ निबंधवजा प्रश्नांपैकी चारांची उत्तरं लिहायची. बरीच विद्यापीठं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं आपल्या माहितीचं पत्रक प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी७ या तक्त्यात गुण, निबंध, शिफारस, उपक्रम यांपैकी काय ‘अति महत्त्वाचं’ आणि काय विचारातच घेत नाहीत, हे सरळ दिलेलं असतं.

आणि पैसा. परदेशी विद्यार्थ्यानं आर्थिक मदत मागितली की बहुतेक ठिकाणी त्याचा प्रवेशावर परिणाम होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच नावं याला अपवाद, पण तिथे स्पर्धा भयंकर. त्यामुळे घरात आकडा बोलून घ्या आणि मगच यादी करा.