आतड्यातल्या अल्कलाइन फॉस्फटेजला जपायचं कसं

लहान आतड्याच्या अस्तरात हे एन्झाइम बनतं आणि त्याचं काम खरंच भारी आहे, काही बॅक्टेरियाच्या कवचात एलपीएस नावाचं विष असतं त्याच्यावरचा फॉस्फेट ते तोडून टाकतं, मग त्या विषाने सूज तेवढी भडकत नाही. याला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं, म्हणून मटकी, हरभरा, तीळ जेवणात येऊ द्या, पण पोट नाजूक असेल तर हळूहळू वाढवा, आणि झिंकच्या गोळ्या मनानेच सुरू करू नका.

एलएफटी म्हणजे लिव्हरच्या रक्त तपासणीमधला एएलपी (अल्कलाइन फॉस्फटेजचाच आकडा) बघून आतड्याचा अंदाज बांधू नका, तो मुख्यतः लिव्हर आणि हाडांचा असतो. संडासातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन उतरणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टरकडे जा, स्टूल कॅलप्रोटेक्टिन टेस्टबद्दल (आतड्यात सूज आहे का ते दाखवणारी संडासाची तपासणी) विचारा, आणि चालू गोळ्या प्लीज स्वतःहून बंद करू नका.