हवेत उडून राहिलेला मोठा शिकारी पक्षी ओळखायचा कसा (आधी घार पाठ करा भाऊ)

नागपुरात वर काही मोठं फिरताना दिसलं की ती बहुतेक वेळा घारच असते, त्यामुळं गरुड शिकायच्या आधी घार शिका. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डकडे नाहीतर फुटाळा तलावावर अर्धा तास नुसत्या घारी पाहा. शेपटी खाचेची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण घारीनं शेपटी पूर्ण पसरली की खाच गायब होते आणि पिसं गळायच्या दिवसात तर शेपटीचा आकारच बिघडलेला असतो, मग लोक तिचाच फोटो ग्रुपवर टाकून "ईगल आहे का?" विचारतात. खाच नाही दिसली तरी एक गोष्ट लपत नाही, घार उडताना शेपटी सारखी डावी-उजवीकडे पिळत असते. गरुड एवढं करत नाही.

आता वेगळं काही दिसलं तर लगेच रंग पाहू नका. वर उजेड असतो, खालून सगळंच काळं दिसतं, आणि एकाच जातीत पिल्लू-मोठं वेगळं, हनी बझर्डसारख्यात (मधमाश्यांची पोळी खाणारा शिकारी पक्षी) तर मोठ्या पक्ष्यांचेही रंग दहा तऱ्हेचे. आधी साइज, तीही शेजारच्या घारीशी तोलून. घारीचा पंखविस्तार साधारण दीड मीटर, स्टेपी ईगलचा (हिवाळ्यात येणारा तपकिरी गरुड) दोन मीटरच्या आसपास जातो, त्यामुळं घारी बाजूला असल्या की फरक लगेच कळतो, एकटा पक्षी असला तर साइजच्या अंदाजावर फार भरवसा ठेवू नका. मग पंख कसे धरलेत ते, सपाट की व्ही सारखे वर उचललेले. मग डोकं आणि शेपटी.

तुरेवाला सर्पगरुड सगळ्यात सोपा, पंखांच्या मागच्या कडेला जाड पांढरा पट्टा, शेपटीतही एक, पंख थोडे वर धरलेले, आणि ओरडतो एवढा की मान वर करायच्या आधीच कळतं. पेंच-उमरेडच्या जंगलाकडे हाच जास्त. सापमार गरुड खालून फिकट, छाती-डोकं बहुतेक गडद, आणि मोकळ्या माळावर एकाच जागी हवेत थांबतो, एवढा मोठा पक्षी असा थांबलेला दिसला तर आधी त्याचंच नाव घ्या. हनी बझर्डची मान पुढं आलेली आणि डोकं बारीक, कबुतरासारखं, पंख सपाट. तलावावर लांब, अरुंद, कोपरात वाकलेले पंख आणि पोट पांढरंफेक असेल तर ऑस्प्रे, म्हणजे मासे धरणारा शिकारी पक्षी, हिवाळ्यात येतो, पाय पुढं करून पाण्यात पडला की विषयच संपला.

खरी डोकेदुखी हिवाळ्यातले तपकिरी गरुड. स्टेपी ईगलला मेलेली ढोरं, कचरा सगळं चालतं, म्हणून थंडीत घारींच्या गर्दीत एखादी "जाड घार" वाटली तर सोडू नका. पंखाच्या टोकाची बोटं (बोटांसारखी सुटी दिसणारी पिसं) मोजा, घारीची सहा, स्टेपीची सात. लहान वयाचा असेल तर पंखाखाली मधोमध लांब पांढरा पट्टा जातो. बसलेला मिळाला तर तोंडाची पिवळी रेघ पाहा, डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. स्पॉटेड ईगल हेही तपकिरी गरुडच, त्यातल्या दोन जाती (ग्रेटर आणि इंडियन) मात्र दुरून वेगळ्या करायच्या भानगडीत मी पडत नाही, "स्पॉटेड ईगल" एवढंच लिहितो.

फोटो कसाही आला तरी काढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजेड) एक-दीड स्टॉप वाढवा, आभाळ पांढरं झालं तरी चालेल, पंखाखालचं दिसायला पाहिजे. पक्षी वळताना बर्स्ट मारा (सलग पटापट फोटो), तेव्हा पाठही मिळते. बाकी थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) करकोचेही फिरतात बरं का, पाय शेपटीच्या मागं निघालेले आणि मान लांब असेल तर गरुडाची चर्चाच बंद.

आणि पंख फळीसारखे रुंद, शेपटी आखूड, डोकं जवळजवळ नाहीच असं वाटलं तर गिधाड समजा. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पेंच आणि ताडोब्यात गिधाडं आणली, त्यांना जीपीएस टॅग लावून सोडलं. ही पाखरं खूप दूर जातात. म्हणून फोटो झूम करून पाठीवर टॅग दिसतो का पाहा, दिसला तर जागा, वेळ, कोणत्या दिशेनं गेलं हे त्याच दिवशी वनविभागाला कळवा, खाली बसलेलं असेल तर जवळ जाऊ नका, लांबूनच काढा फोटो.