पीएफटीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पीएफटी म्हणजे फुफ्फुसांचं काम तपासणारी, मुख्यतः नळीत फुंकून करायची टेस्ट. तिच्या रिपोर्टच्या तळाशी मशीन स्वतःहून एक ओळ छापतं: ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’, म्हणजे फुफ्फुसात हवा मावायची जागा मध्यम प्रमाणात कमी. घरचे नेमकी तेवढीच वाचतात आणि डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत गूगल करत घाबरतात. ती ओळ बाजूला ठेवा. आधी पेशंटने फुंकलंय कसं, ते बघा.

खरी मेख तिथेच आहे. छाती गच्च भरून घ्यायची, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात हवा सोडून पुढे सोडतच राहायचं. मोठ्या माणसाला साधारण सहा सेकंद, बहुतेकदा जास्तच. टेक्निशियन ‘अजून, अजून’ ओरडतो तो याचसाठी. आजी दोन सेकंदांत थांबल्या की एफव्हीसी (जोराने फुंकून बाहेर काढलेली एकूण हवा) खोटीच कमी येते आणि मशीन बिनदिक्कत रिस्ट्रिक्शन ठोकून देतं. वर एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर फुगतं, म्हणजे श्वासनलिकांत खरा अडथळा असला तरी झाकला जातो. हवा आणि वेळेचा आलेख शेवटी सपाट झालाय का, मध्येच खोकल्याचा खड्डा पडलाय का, बघा. नीट जमलेले तीन प्रयत्न हवेत. त्यातल्या सर्वांत चांगल्या दोघांत 150 मिलीपेक्षा जास्त फरक नको.

श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप (इन्हेलर) दिल्यानंतरही गुणोत्तर 0.70च्या खाली राहिलं तर अडथळा धरतात. मात्र ते वयानुसार घटतंच. सत्तरीपुढच्या माणसावर तेवढ्यावरून सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) शिक्का मारू नये.

गुणोत्तर ठीक, पण एफव्हीसी कमी? हा रिस्ट्रिक्शनचा नुसता संशय. दमेकऱ्याची हवा आत अडकली तरी हेच चित्र दिसतं. फुंकून झाल्यावर आत उरलेली हवा स्पायरोमीटरला, म्हणजे या फुंकायच्या मशीनला, मोजताच येत नाही. त्यासाठी बॉडी बॉक्समध्ये (बंद काचेच्या केबिनमध्ये) बसवून टीएलसी, म्हणजे फुफ्फुसात मावणारी एकूण हवा, काढावी लागते. सोबत डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो, ते मोजणारी टेस्ट) करून घ्या. खिडकीतल्या कबुतरांमुळे फुफ्फुसाला सूज येऊन ते घट्ट झालं असेल, तर डीएलसीओ सहसा घसरते. (मुंबईत डॉक्टर कबुतरांबद्दल विचारतात ते उगाच नाही.) फक्त हिमोग्लोबिन सांगा, ते कमी असेल तर डीएलसीओही कमी दिसते.

सकाळी पंप घेऊन टेस्टला गेलात, तर ‘औषधाने फरक नाही’ असं छापून येऊ शकतं. कुठला पंप किती तास थांबवायचा, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. मनाने बंद करू नका. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दमा नाहीच, असंही नाही.

तुमच्यासाठी नॉर्मल किती, हे मशीन उंचीवरूनही ठरवतं. म्हणून उंची तोंडी सांगू नका, चप्पल काढून मोजायला लावा. पाठीला बाक असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून त्यांची लांबी घ्यायला सांगा.