अनवट अंजिराची काडी हाती येण्यापूर्वी करावयाची तयारी

सहसा न दिसणारा एखादा अंजिराचा वाण घरी लावावा असे मनात आले, की बहुतेक जण आधी काडी, म्हणजे रोप करण्यासाठी कापलेला फांदीचा तुकडा, मिळवतात आणि मग जागा, कुंडी व माती यांच्या शोधाला लागतात. हा क्रम उलटा आहे. काडी जगली नाही तर ते महिन्या-दीड महिन्यात कळते, पण वाणाची निवड चुकली असेल तर ते कळायला दोन-तीन वर्षे जातात. म्हणून या यादीची सुरुवात वाणाच्या चौकशीपासून केली आहे. उदाहरणादाखल 'पॅनाशे' हा वाण समोर ठेवला आहे. याच्या फळावर हिरवे-पिवळे उभे पट्टे असतात, आतला गर लाल असतो आणि फळ उशिरा पिकते.

पहिले काम म्हणजे निवडलेला वाण कोणत्या गटातला आहे हे पक्के करून घेणे. आपण ज्याला अंजिराचे फळ म्हणतो तो खरे तर आतल्या बाजूने फुललेला फुलोरा असतो, आणि त्या फुलांना परागीभवन लागते की नाही यावर सारे अवलंबून असते. साध्या गटातली अंजिरे परागीभवनाशिवाय पिकतात आणि पॅनाशे याच गटात मोडते. स्मर्ना गटातली अंजिरे मात्र ब्लास्टोफॅगा सेनेस या चिमुकल्या गांधीलमाशीने नर-अंजिराचे पराग आणून पोहोचवल्याशिवाय पिकत नाहीत; कोवळी फळे गोटीएवढी होऊन गळून पडतात. सान पेद्रो गटाची तऱ्हा आणखी निराळी असते. गेल्या वर्षीच्या फांदीवर येणारा पहिला बहर माशीविना पिकतो, पण नव्या फुटीवरच्या मुख्य बहराला माशी लागते. 'डेझर्ट किंग' हा याच गटातला वाण आहे. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात स्मर्ना अंजिराची रोपे लावली गेली, ती जोमाने वाढलीही, पण ही माशी तिथे १८९९ मध्ये स्थिरावेपर्यंत बागायतदारांच्या वाट्याला गळालेली फळेच आली. आपल्या परिसरात ही माशी नसेल तर स्मर्ना गटातल्या वाणाचे वर्णन कितीही मोहक असले तरी त्याचा विचार सोडून द्यावा. नावांबाबतही सावध राहावे लागते. 'कॅलिमिर्ना' आणि 'सारी लोप' हा एकच वाण आहे, तसेच 'कादोता' आणि 'दोत्तातो' हाही एकच. त्यामुळे एका नावाने गट सापडला नाही तर दुसऱ्या नावाने शोधून पाहावा.

गट ठरला की आपल्या ऋतूचा हिशोब मांडावा. पानाच्या बेचक्यात फळ दिसू लागल्यापासून ते पिकेपर्यंत साधारण तीन-चार महिने जातात आणि उशिरा पिकणाऱ्या वाणांना तेवढा सलग उबदार काळ मिळावाच लागतो. ज्यांचा उन्हाळा आखूड आहे त्यांनी पॅनाशेचा हट्ट धरू नये. 'रोंद द बोर्दो' सारखा लवकर पिकणारा वाण अशा ठिकाणी अधिक समाधान देतो. पिकण्याच्या सुमारास पाऊस किंवा दमटपणा असेल तर फळाच्या तळाशी असलेला डोळा किती उघडा असतो हेही विचारून घ्यावे, कारण उघड्या डोळ्यातून पाणी, मुंग्या आणि आंबवणारे किडे सहज आत शिरतात. जागा निवडताना रोज किमान सहा ते आठ तास थेट ऊन पडते का, हे वेगवेगळ्या वेळी स्वतः पाहून ठरवावे; 'उजेड भरपूर आहे' हे उत्तर अंजिराला चालत नाही.

काडी कोणाकडून घ्यायची, या प्रश्नावर घाई करू नये. देणाऱ्याने त्या झाडाची पिकलेली फळे स्वतः पाहिली आहेत का, हा पहिला प्रश्न. आणि मूळ झाडाच्या पानांची छायाचित्रे मिळतील का, हा दुसरा. पानांवर फिकट पिवळे ठिपके आणि वेडावाकडा आकार दिसत असेल तर ते अंजिराच्या मोझॅक विषाणूचे लक्षण असू शकते. हा रोग काडीबरोबरच येतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका सूक्ष्म कोळ्यामुळे झाडाझाडांत पसरतो आणि त्यावर औषध नाही. तो जगभर आढळतो, त्यामुळे पूर्ण निर्दोष काडीचा आग्रह अनेकदा निष्फळ ठरतो. तरीही रोगाने खुरटलेल्या झाडाची काडी टाळणे आपल्या हातात असते. पॅनाशेची काडी पट्टे दिसणाऱ्या फांदीवरचीच मागावी, कारण या वाणाच्या कोवळ्या फांद्यांवरही पट्टे असतात आणि पट्टे हरवलेल्या फांदीपासून साधे हिरवे अंजीर मिळण्याची शक्यता राहते. काडी परदेशातून येणार असेल तर वनस्पती आयातीचे नियम व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांची चौकशी आधीच करावी. शक्य असल्यास एकाऐवजी दोन-तीन काड्या घ्याव्यात.

काडी येण्याच्या आदल्या दिवशी मुळे फुटवण्याचे सारे साहित्य टेबलावर मांडलेले असावे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, पंधरा ते वीस सेंटीमीटर लांबीची, पानगळ झालेल्या काळात कापलेली काडी उत्तम. ती लगेच लावायची नसेल तर किंचित ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून, दोन ते पाच अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतकपाटात काही आठवडे सुखरूप राहते. लावण्यापूर्वी एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात मिनिट-दोन मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्याने धुतली की बुरशीचा धोका कमी होतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व परलाईट (हलके पांढरे खनिज दाणे) यांचे मिश्रण आणि तळाला छिद्रे पाडलेले पारदर्शक पेले जवळ ठेवावेत, म्हणजे मुळे दिसली की नाही हे काडी न उपसता कळते. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. या एका वाक्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे माझ्या पहिल्या पाच काड्यांपैकी चार कुजल्या. मी त्यांना रोज मायेने पाणी घालत होतो. तापमान वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास राहील अशी जागा शोधावी आणि तीन ते सहा आठवडे वाट पाहण्याची मनाची तयारी ठेवावी. वर पाने फुटली म्हणून आनंदून जाऊ नये, कारण काडी साठवलेल्या अन्नावर मुळांआधीच पाने काढते, आणि मुळे नसतील तर हीच पाने तिला सुकवून टाकतात. मुळे पेल्याच्या कडेला स्पष्ट दिसेपर्यंत खत देऊ नये, आणि दमटपणा टिकवण्यासाठी पेला झाकला असेल तर रोप मोकळ्या हवेत आणताना ते आवरण आठवडाभर रोज थोडे थोडे अधिक वेळ उघडे ठेवावे.

कुंड्या तीन टप्प्यांच्या आणून ठेवाव्यात: पहिली साधारण चार लिटरची, दुसरी वीस लिटरची आणि शेवटची पन्नास-साठ लिटरची. एवढ्याशा रोपाला एकदम मोठ्या कुंडीत बसवले तर मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते व मुळकूज होते. मातीचा सामू (आम्लता मोजणारा पीएच) सहा ते साडेसात असावा, पाणी झरझर निथळावे आणि कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नये. जमिनीत लावणार असाल तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांना इजा करणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींचा, विचार करावा. त्या भागातल्या भाज्यांच्या मुळांवर गाठी आढळत असतील तर अंजीर कुंडीतच ठेवणे शहाणपणाचे. थंडी कडक पडत असेल तर कुंडी हिवाळ्यात कुठे हलवायची हेही आत्ताच ठरवावे, कारण साठ लिटरची ओली कुंडी एकट्याने उचलता येत नाही.

हातमोजे यादीत असलेच पाहिजेत. अंजिराचा चीक त्वचेला लागून त्यावर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून छाटणी बाह्या खाली ओढून करावी.

पुढच्या दोन गोष्टी लगेच लागत नाहीत, पण वेळेवर धावपळ नको म्हणून आणून ठेवाव्यात. पहिली म्हणजे पाखरांपासून वाचवण्यासाठी जाळीच्या लहान पिशव्या. झाडावरून उतरवलेले अंजीर नंतर पिकत नाही, त्यामुळे मान लवून फळ मऊ होईपर्यंत ते फांदीवरच राखावे लागते आणि पाखरांनाही तोच मुहूर्त साधायचा असतो. मधल्या काळात फळ कित्येक आठवडे आहे त्याच आकाराचे राहते. ते पाहून खत वाढवू नये, कारण ही त्याची नेहमीची चाल आहे आणि पिकण्याच्या थोडे आधी ते झपाट्याने फुगते.

दुसरी गोष्ट म्हणजे नावाची पट्टी. शाई उन्हाने दोन उन्हाळ्यांत उडते, साध्या पेन्सिलीची अक्षरे टिकतात. म्हणून पट्टी पेन्सिलीने लिहावी, तिच्यावर वाण, काडी मिळाल्याचा दिनांक आणि ती कोणाकडून आली हे नोंदवावे, आणि वाणाच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढावे. पहिल्या हंगामातली फळे बहुधा पाणचट लागतात, तेवढ्यावरून वाण खोटा ठरवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात फळ पूर्ण पिकल्यावर ते उभे कापून पट्टे, गराचा रंग आणि डोळा मूळ झाडाच्या छायाचित्रांशी ताडून पाहावेत, आणि जुळले तर ते प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसावे.